थोरांच्या पत्रिकांची लाल वही

माझ्या बायकोच्या मामांइतकं मराठी लेखकांना आतूनबाहेरून कुणीच ओळखत नसेल, आणि त्यांच्याइतकी कमी पुस्तकंही सगळ्या सांगलीत कुणी वाचली नसतील. हळदीची अडत मुलाच्या हाती दिल्यापासून मामा थोरामोठ्यांच्या पत्रिका जमवतात. लाल कापडी पुठ्ठ्याच्या जाडजूड वहीत कवी, कादंबरीकार, मंत्री, एकदोन गवई, सगळे बारा घरांत दाटीवाटीनं बसवलेत. "पुस्तक कशाला वाचायचं?" मामा म्हणतात. "बुध बघितला की कळतंय, गडी काय लिहिणार ते." एका कादंबरीकाराचं लिखाण थांबलं तेव्हा समीक्षकांनी नाना कारणं दिली. मामांनी नुसतं शनीकडं बोट दाखवलं आणि अडीच वर्षांनी लिहील म्हणून सांगितलं. लिहिलं की हो त्यानं. ते मामांनी वाचलं नाही, हा भाग वेगळा.

मामांचं खरं वेड जन्मवेळेचं. एकदा एका नामवंत कवींचं व्याख्यान होतं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मामा उठले. "आपला जन्म नक्की कितीचा?" कवी हसून म्हणाले, "पहाटेचा." "पहाटेचा म्हंजे कारखान्याच्या भोंग्याच्या आदी का नंतर?" कवींनी ते थोरल्या बहिणीवर ढकललं. मामांनी तिचा पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून तिच्या गावी जाऊन आले. मागं मी बसलो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

मामांबरोबर मी हिंडायचो ते स्वार्थानं. माझे दोन कथासंग्रह निघालेत. लोकांना पुरस्कार हवे असतात, मला त्या वहीत एक पान हवं होतं. पण माझा जन्म कडेगावचा, घरात घड्याळ नाही. कराडची गाडी फाट्यावर आली तेव्हा तू झालास, एवढंच आई सांगायची. मामांनी एसटीच्या एका निवृत्त कंट्रोलरला गाठून जुनं वेळापत्रक शोधलं. गाडी सकाळी आठ वाजून दहाची. त्यावरून वृषभ लग्न निघालं. पत्रिका बघून मामा हळहळले. "जावईबापू, गुळाचा धंदा करा, लय चालंल. लिखाण न्हाई हो ह्यात." वर्षानुवर्षं हेच. पुस्तक दिलं की हातात तोलून कपाटात ठेवायचे. मला फार लागायचं ते, खोटं कशाला बोलू.

काचबिंदूनं मामांची नजर हळूहळू गेली. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि वही वाचून दाखवायला सांगितली. वाचता वाचता त्या पहाटेच्या कवींचं पान उलटलं, तर पुढं माझं नाव. लग्न मिथुन, स्वामी बुध, लेखनयोग उत्तम. खाली बारीक अक्षरात, "गाडी पंचवीस मिनिटं उशिरा धरली." शाई पार विटलेली होती.

"मामा, हे कधी केलंत?"

"तुमचं पयलं पुस्तक वाचलं तवा."

"वाचलंत?"

"दोनदा. मग म्हटलं, गडी खोटा न्हाई, गाडीच उशिरा आली आसंल. यष्टी कवा येळंवर आली हाय का?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"शास्त्रात लबाडी केली. जावयाला कुठल्या तोंडानं सांगायची?"

मामांनी चाचपडत वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली.

"आता नवं काय लिहिलंय ते वाचा," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई."