जखमेची कड

अंथुर्ण्याच्या दवाखान्यातले ड्रेसर दर गुरुवारी माझ्या तळपायाच्या जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड शाईने रेखीत व तो एस.टी.च्या कंडक्टरकरवी बारामतीच्या डॉक्टरांकडे पाठवीत. रेखताना ते श्वासही जपून घेत. मधुमेहाने पाय बधिर झालेला. मला स्पर्शही कळत नसे.

त्या गुरुवारी नवा कागद त्यांनी मागच्या आठवड्याच्या नकलेवर ठेवला. रेघ बरीच बाहेर सरकली होती.

"आबा, देवळात अनवाणी गेलता न्हवं?"

"प्रदक्षिणेपुरताच."

"देव काय चपला बघत बसलाय व्हय?"

त्यांनी माझा पाय स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि मला धरून थांब्यावर आणले. कंडक्टरने सवयीने हात पुढे केला.

"आज नुसता कागद न्हाय, पाय न्यायचाय," म्हणत ते माझ्यामागोमाग गाडीत चढले.