भिंडची गाडी सुटली तेव्हा

मागच्या वर्षी आमचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून माझं देवाशी नीट बोलणं राहिलं नव्हतं. दिवा लावत होतो, पण नुसता सवयीनं. यमाईच्या फोटोकडं बघायचंही टाळायचो. आठवीत शाळा सुटली आणि मामानं मला खानापूर तालुक्यातून उचलून इथं ग्वाल्हेरला आणलं, लष्कर नावाच्या भागातल्या सराफ्यात सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर बसवलं. आमच्या भागातली कितीतरी पोरं अशीच गाव सोडून देशभर भट्ट्या पेटवून बसलीत. पोट भरतं, पण वेळप्रसंगी दाराशी आपलं माणूस नसतं. पहिल्या वेळी ते फार जाणवलं.

बायकोला पुन्हा दिवस गेले आणि आठवा महिना लागताच तिची झोप उडाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण तिचं एकच चाललं होतं, "आत्यांना बोलवा, त्या आल्या की मला भीती नाही." आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आई कधी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती, हिंदीचा गंध नाही. बायकोला एकटं टाकून मला आणायला जाता येईना. शेवटी भावानं आईला मिरजेला गाडीत बसवलं. मी फोनवर दहादा बजावलं, "उतरलीस की तिथंच उभी राहा. जागची हलायचं नाही." ती म्हणाली, "मी काय बाहुली हाय व्हय हलायला? तू वेळेवर ये म्हंजे झालं."

मी तासभर आधी स्टेशनावर पोचलो होतो. ग्वाल्हेरचं स्टेशन म्हणजे चारी दिशांचा गुंता. आग्र्याकडची, झाशीकडची, शिवपुरीकडची, भिंडकडची, सगळ्या वाटांची माणसं इथं गाड्या बदलायला उतरतात आणि बोजे घेऊन इकडून तिकडं पळतात. आईची गाडी यायची वेळ झाली आणि भोंग्यावर सांगितलं, ती दुसऱ्याच फलाटावर येतेय. मी जिना चढून पुलावरून पळालो, पण पुलावरही माणसं मुंग्यांसारखी. मी खाली उतरलो तोवर गाडी येऊन थांबली होती आणि आईचा डबा अगदी टोकाला होता.

डब्याशी पोचलो तर आई नाही. दारातल्या एका माणसानं सांगितलं, "अम्मा तो उतर गईं, भैया. हाथ में कुछ पोटली थी न? भीड़ उनको सामने वाली में ले गई शायद." समोरच, त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला भिंडची गाडी उभी होती आणि निम्मी गर्दी तिच्यात कोंबून चढत होती. मी आईला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग मी खिडक्याखिडक्यांतून "आई! आई!" ओरडत सुटलो. लोक हसले असतील, मला दिसलं नाही. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि ती हलली.

मला एवढंच कळत होतं की आई आत आहे आणि गाडी चाललीय. मी दांडा धरला, एक पाय पायरीवर टाकला. आणि मागून कुणीतरी माझी कॉलर अशी ओढली की मी फलाटावर आडवा झालो. लाल शर्टातला हमाल होता, पांढऱ्या मिशांचा. "ओ हीरो! घर में बीवी है कि नहीं? उसको विधवा करने का शौक चढ़ा है?" मी त्याला ढकलून उठलो, तोवर शेवटचा डबा पुढून निघून गेला होता. वळून बघतो तर हमाल कुणाची तरी ट्रंक डोक्यावर घेऊन गर्दीत चाललेला. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, तेही राहून गेलं.

मी तिथंच खाली बसलो. तिकडं बायको वाट बघतेय, इकडं माझी आई भाषा न कळणाऱ्या मुलखात चाललीय आणि मी बसलोय. त्या क्षणी किती महिन्यांनी माझ्या तोंडून आपोआप आलं, "यमाई, माझं सगळं करून झालं. आता तूच बघ." रागानंच म्हणालो असेन. पण म्हणालो.

फोन वाजला. आईचा नंबर, आवाज मात्र दुसऱ्याच बाईचा आणि मराठी. "अरे बाळा, तुझी आई माझ्याजवळ आहे. पुढच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी ये. आणि भागत नको येऊ, गाडी तर निघूनच गेली, आता काही जल्दी नाही."

नळाशी आई उभी होती. दोन्ही हातांनी छातीशी एक गाठोडं धरलेलं. त्यात यमाईची ओटी होती, नारळ, खण, तांदूळ. सुनेच्या पदरात पडेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही ही आमच्या घरची रीत. म्हणून तिनं पिशवी काखेत अडकवली, हात मोकळा केला नाही आणि पिशवीतला फोन वाजत राहिला. शेजारी साठीच्या एक काकू बसल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचंच घर, दौलतगंजात राहणाऱ्या, लेकीकडं भिंडला निघालेल्या.

काकूच सांगू लागल्या. "मी डब्यात बसली होती. या बाई आल्या, जागा दिली तरी गाठोडं खाली ठेवेनात. मी तर पाहूनच समजून गेली, ही ओटी आहे. विचारलं, कुठल्या देवीची? तर रडूच लागल्या. म्हणतात, सगळे उतरले म्हणून उतरली, गर्दीनं इकडे चढवलं, वाटलं गाडी बदलायची असते, आता ग्वाल्हेर कधी येईल? अहो, मी म्हटलं, ग्वाल्हेर तर हेच आहे! ही भिंडला चालली! मग काय, यांना धरलं आणि उतरली."

"आणि तुमची गाडी?" मी विचारलं.

"गेली. दुपारी दुसरी आहे नं."

आई म्हणाली, "ताई, तुमच्या लेकीला माझ्यापायी ताटकळायला लागलं."

"तिला सवय आहे. तिचा नवरा रोजच ताटकळवतो."

आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. काकू दुपारच्या गाडीत बसेपर्यंत ती स्टेशन सोडायला तयार नव्हती, पण काकूंनीच आम्हाला हाकललं. "जा रे, तिकडे बहू परेशान होत असेल. मी इथलीच आहे, मी कुठं हरवणार?"

त्या रात्री बायको आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, सकाळपर्यंत हललीसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मी शिकलेला नाही, यातलं काय कसं घडलं हे मला मांडता येत नाही. एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे की ज्या गाडीत चढायला मी जीव टाकत होतो, तिच्यातून आई आधीच उतरली होती. चढलो असतो तर तिलाच शोधत मी तिच्यापासून लांब लांब गेलो असतो, तेही पुऱ्या ताकदीनं. मला ओढणारा हात तेव्हा वैऱ्याचा वाटला होता. त्या हमालाला मी नंतर स्टेशनावर जाऊन खूप शोधलं, हात जोडायचे होते. भेटला नाही.

आता रोज यमाईच्या दिव्यापुढं बसतो. मागणं सुटलेलं नाही, घाबरट माणूस मागणारच. पण मागून झालं की गप्प बसतो. तिनं ते कुठल्या बाजूनं द्यायचं, ते तिच्यावर सोडतो.