चिंचोक्याची खळ

साल त्र्याऐंशी. माझं वय एकतीस. लातूर जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं आणि आदल्या सालच्या पावसानं दगा दिलेला. ऑफिसं नवी, पाट्या नव्या, साहेब नवे. पाणी मात्र टँकरचं, तेही तिसऱ्या दिवशी.

माझं कुशनचं दुकान होतं. मोटारीच्या सीटा शिवायच्या, छत लावायचं, पायाखाली कारपेट चिकटवायचं. पुढं दुकान, मागं घर. शाळा मी तिसरीत सोडली, पण नांदेडला उस्तादापाशी सहा वर्षं हात घासला. माझ्या हातचं काम परत येत नाही, असं मी लातुरात छाती ठोकून सांगायचो. आजही सांगतो, एक सोडून. त्या एकाचंच हे लिहायला बसलोय. पुढं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा टेबलावरसुद्धा मी तेवढा भ्यालो नाही.

नव्या जिल्ह्याला गाड्या कमी पडत होत्या, म्हणून शेजारून जुन्या आणलेल्या. त्यातली एक पांढरी मोटार नांदेडची. दुष्काळी कामं बघत हिंडणाऱ्या एका साहेबाच्या वाट्याला ती आली. तिचा ड्रायव्हर पिकल्या दाढीचा, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला. त्याला सगळे चाचा म्हणायचे, मीही. एका सकाळी त्यानं गाडी दुकानापुढं लावली आणि नाकाला रुमाल धरूनच उतरला.

"मिस्त्री, अंदर कुछ तरी मेलंय. साहेब खिडकीतून मुंडकं बाहेर काढून बसून राहिले. गाववाल्यांना वाटतंय, साहेबाला आपली लई फिकीर."

"उंदीर असंल, चाचा."

"उंदीर असो नाहीतर हत्ती. उद्या सकाळी चाकूर, अहमदपूर करायचंय. गाडी आज शामको पाहिजे."

मी कारपेट उपसलं. खाली दोन उंदीर, एक वाळून चामडं झालेला, एक नुकताच सडलेला. त्यांना झाडून टाकलं आणि तळाच्या जुन्या गोंदाला लागलो. वरचा थर सुलोचनचा होता, पंक्चरवाले लावतात तेच. त्याला पेट्रोलचा बोळा फिरवला की ते गोळा होऊन हाताला येतं. फुफाटा उडत होता आणि ओल्या गोंदावर धूळ बसली की सगळं वाया, म्हणून मी काचा बंद करून आत बसलो. चाचाला बिडी ओढायला पार रस्त्यापलीकडं पाठवलं. थोड्या वेळानं डोकं गरगरायला लागलं, कानात मुंग्या आल्या. दार उघडून अर्धा बाहेर पडलो, श्वास घेतला, परत आत.

सुलोचनच्या खाली दुसरा थर निघाला. तपकिरी, दगडासारखा. पेट्रोलला दाद देईना. मी थुंकी लावून नखानं खरवडलं आणि नाकाशी नेलं. चिंचोके! चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ, घोंगड्याला लावतात तसली. माझा उस्ताद तळाला गोणपाट याच खळीनं चिकटवायचा. गाडी त्याच्या हाताखालून गेलेली, यात मला शंका राहिली नाही. उंदीरही त्या खळीच्या वासानंच आत शिरले होते. ती निघाल्याशिवाय उंदीर परत येणार, हे उघड होतं.

खळ काढायची रीत मला पाठ होती. दोन घागरी पाणी उकळायचं, पोती भिजवून तळावर टाकायची, वरचेवर गरम पाणी ओतत दुपारपर्यंत थांबायचं. मग ती सायीसारखी निघते. पण उस्तादाच्या उशाला गोदावरी होती. माझ्या घरात सगळ्या मिळून चार घागरी, आणि टँकर परवा.

आत जाऊन बायकोला म्हणालो, "दोन घागरी तापव."

"कशाला? पाव्हणे येणारेत?"

"गाडीला पाहिजे."

"अगं बाई! सरकारच्या मोटारीला कढत पाण्यानं आंघोळ, अन् आपण ओल्या फडक्यानं तोंड पुसून बसायचं व्हय? न्हाई द्यायची मी. टँकर काय तुमच्या सासऱ्याचा हाय?"

खरं तर तिचं बरोबर होतं. पण मी पाय आपटत बाहेर आलो. चाचानं सगळं ऐकलं होतं.

"छोड ना मिस्त्री. वरून नवं कारपेट टाक. नीचे कौन देखता?"

"मी बघतो," मी म्हणालो. "माझ्या दुकानात घाणीवर नवं घालत न्हाईत."

हे बोललो तेव्हा किती बरं वाटलं होतं! चाचा हसला आणि, शामला येतो म्हणत, जोहरच्या म्हणजे दुपारच्या नमाजाला मशिदीकडं गेला. मी छिन्नी-हातोडी काढली. वाळलेल्या खळीवर छिन्नी चालवायची नाही, हे उस्तादानं मला पहिल्याच महिन्यात टाळूवर टपली मारून शिकवलं होतं. तरी चालवली. मागचा भाग निघाला, सीटांमधला निघाला. मग ड्रायव्हरच्या पायाशी आलो. जिथं टाच टेकते, तिथं दोन घाव घातले. तिसऱ्याला छिन्नी हातातून खाली गेली.

वाकून बघितलं तर मला रस्त्यावरची माती दिसली.

खळीनं वर्षानुवर्षं ओल धरून पत्रा खाऊन टाकला होता. तो पत्रा राहिलाच नव्हता, नुसती खळ आणि गोणपाट होतं, त्यावर चाचा टाच टेकून गाडी हाकत होता. आता पंज्याएवढं भोक पडलं होतं आणि कडा बोटानं दाबल्या की पापडासारख्या मोडत होत्या. सरकारी गाडी. नवं ऑफिस, नवा साहेब, कोण ऐकून घेणार की पत्रा आधीच गेलेला? छिन्नी माझी, हात माझा. दुकानाला कुलूप लागलेलं आणि मला चौकीत बसवलेलं डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

चाचा यायच्या आत मी तेलाच्या डब्याचं झाकण कापलं, सुलोचन फासून भोकावर बसवलं, त्यावर गोणपाट, त्यावर नवं कारपेट. पायानं दाबून बघितलं. धरलं. पण मला ठाऊक होतं, त्याच जागेखालून सायलेन्सरचा पाइप जातो. दोन तास गाडी चालली की पत्रा तापणार, सुलोचन पातळ होणार, झाकण सरकणार. उतारावर ब्रेक दाबायला टाच रोवली आणि ती खाली गेली, तर?

चाचा आला. बसला. कारपेटवरून हात फिरवला. टाच बरोबर तिथंच टेकवली.

"वा मिस्त्री! मखमल केलास."

माझ्या दुकानातून गाडी निघताना मी स्टेअरिंगवर विभूतीची तीन बोटं ओढायचो. चाचानं कधी नको म्हटलं नाही. त्या संध्याकाळी पट्टे वाकडे आले.

"क्या हुआ रे? तुझ्या शंकरानं भांग पिली काय आज?" तो हसला. मीही हसलो. मग म्हणाला, "कल रस्ता खराब आहे, उतारच उतार. तुझी तीन बोटं बरकत देतील."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मी तिथंच उभा होतो.

भाकरी पुढं आली, घास फिरेना. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं. तिनं तवा चुलीवरून उतरवला. मग म्हणाली, "दोन घागरी दिल्या असत्या तर छिन्नी लावली नसती तुम्ही."

"तसं न्हाई. पाण्यानंसुद्धा ते भोक पडलंच असतं. पत्राच न्हाई तिथं."

"मग भोक तुम्ही पाडलंच न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही ते झाकलं."

मला राग आला. आवाज चढवून मी तिला म्हणालो की चौकीत गेलो तर तू आणि पोटातलं काय खाणार. ती म्हणाली, "चाचाला नातवंडं हायत. त्यांना इचारा." आणि ताट उचलून घेतलं. अंथरुणावर पडल्यावर मला सारखी ती टाच दिसत होती. चाचाच्या चपलेची टाच एका बाजूनं झिजलेली होती, हेसुद्धा आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी गोंद खरवडायची पत्री आणि हातोडी पिशवीत घातली आणि साहेबाच्या बंगल्यावर गेलो. चाचा कोरड्या फडक्यानं काच पुसत होता, साहेब चहाची कपबशी घेऊन पायरीवर उभे. मी कुणाला रामराम घातला नाही, घातला असता तर पाय माघारी वळले असते. सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं, माझ्याच हातानं चिकटवलेलं कारपेट एका हिसक्यात उपटलं, डब्याचं झाकण पत्रीनं उचकटून बाहेर फेकलं, आणि त्या भोकातून कोपरापर्यंत हात घालून, साहेबाच्या अंगणातली मूठभर माती वर काढून दोघांना दाखवली.