न पिणारा मेंबर

समुपदेशक बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, माझ्या बायकोचंही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जुगार सोडणाऱ्यांची बैठक मुंबईला भरते. आपल्या महाडात नाही. इथे दारू सोडणाऱ्यांची आहे, दर रविवारी सकाळी. तिथे जाऊन बसा."

"पण मी दारू पीत नाही," मी म्हणालो.

"तेवढं बरंय," बाई म्हणाल्या. "रोग वेगळा असला तरी पथ्य एकच आहे."

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. पाळीला नेणाऱ्या बसमध्ये सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये असायच्या, तशी माझीही असायची. बाकीचे काय बघायचे मला माहीत नाही. मी रमी खेळायचो. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासात. शेवटी शेवटी तर माझं पोट बिघडलंय असं समजून सुपरवायझरने मला ओव्याची पुडी आणून दिली होती. ते सगळं, त्यासाठी मोबाईलवर काढलेल्या कर्जासकट, घरी कसं उघडं पडलं ते सांगत बसत नाही. अशा गोष्टी सगळ्यांच्या घरात एकाच पद्धतीने उघड्या पडतात. बायको ओरडली नाही. तिने माझा मोबाईल कपाटात कुलूपबंद केला, पगाराचं खातं स्वतःकडे घेतलं आणि मला तिच्या वडिलांचा बटणांचा फोन दिला. त्यावर फोन आला की मोठ्याने आरती वाजायची आणि ती बंद कशी करायची हे सासऱ्यांनाही कधी कळलं नव्हतं.

रविवारी मी बैठकीला गेलो. एका शाळेमागची खोली होती. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पुराच्या पाण्याची रेघ, खाली सतरंजी आणि सतरंजीवर गोल करून बसलेले दहाबारा लोक. प्रत्येक जण उठायचा, "मी दारुडा" असं सांगून सुरुवात करायचा आणि आपली हकीकत सांगायचा. माझी पाळी आली.

"मी दारू पीत नाही," मी म्हणालो.

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यातून एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात."

"नाही हो, खरंच पीत नाही. कधीच प्यायलो नाही."

"आमी पण हेच सांगायचो," शेजारचा म्हणाला. "सांगताना धरायला भिंत लागायची, एवढाच फरक."

माझा रोग वेगळा आहे हे समजावून सांगेपर्यंत माझ्या कपाळावर घाम आला. रमीचं कळल्यावर तिथे वादच सुरू झाला. बैठकीचे अध्यक्ष कापडाच्या दुकानात नोकरी करणारे, नेमस्त गृहस्थ होते. ते म्हणाले, नियमात बसत नाही. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की हा इथे बसून आमचं सगळं ऐकणार आणि बाहेर जाऊन सांगणार, कारण याला शुद्ध असते. तेवढ्यात एक धिप्पाड, मिशाळ माणूस उठला. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते ते, राहणार पोलादपूरचे.

"तोंडाला वास येत नाय म्हंजे माणूस आजारी नाय, असं हाय काय?" ते म्हणाले. "रम आन रमीत फरक कसला? एका वेलांटीचा. वेलांटीसाठी पोराला भायेर काढता?"

अध्यक्षांना हे बिनतोड वाटलं. मला ठेवून घेतलं. बैठकीच्या शेवटी सगळे मिळून एक कागद वाचायचे, त्यात जिथे जिथे दारू होती तिथे मी मनातल्या मनात रमी म्हणायचं असं ठरलं. त्या दिवसापासून मी त्यांचा न पिणारा मेंबर झालो आणि ड्रायव्हरकाकांनी माझा ताबा घेतला.

काकांचं स्वतःचं दारूबद्दलचं म्हणणं सरळ होतं. "गाडीवर कधी घेतली नाय. उतरल्यावर कधी सोडली नाय." ती सुटून आता बरीच वर्षं झाली होती. माझी पाळी सुटली की त्यांचा फोन यायचा. कारखान्याच्या गेटवर खिशात आरती सुरू व्हायची, वॉचमन सवयीने हात जोडायचा आणि काका विचारायचे, "काय, आज सरळ घरी ना?" मी हो म्हणायचो. ते फोन ठेवायचे. एवढंच. पण संध्याकाळचा तो एक प्रश्न चुकवून कुठे जायचं म्हटलं तर पाय जड व्हायचे.

एकदा आम्ही दोघं महाडच्या स्टँडवर उभे होतो. गाडी येईना. मी सहज म्हणालो, "ही काही येत नाही आता. लावता एका वडापावची पैज?"

काका गर्रकन वळले. पंचवीस वर्षं घाटात हॉर्नशिवाय नुसत्या आवाजावर म्हशी बाजूला काढलेला माणूस. "वडापावची पन नाय!" ते ओरडले. "भज्याची पन नाय! पैज म्हंजे पैज!" अख्खा स्टँड आमच्याकडे बघायला लागला. वडेवाला तर हातातला झारा घेऊन बाहेर आला, त्याच्या वड्यात काही निघालं की काय म्हणून.

मला राग आला होता. पण त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं की दिवसभरात मी कशाकशावर मनातल्या मनात पैजा लावत असतो. पाऊस थांबेल का, पुढचा ट्रक लाल असेल का, साहेब आधी उजवा बूट काढतील की डावा. डोक्यात कारखानाच चालू होता, तीन पाळ्यांत.

मग गणपती आले आणि खरी पंचाईत झाली. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात. वर्षभर तिथे म्हातारी माणसं नि गुरं. गणपतीला मात्र मुंबईची सगळी भावकी येते आणि चुलत्याच्या पडवीत पत्त्यांचा डाव बसतो. मी खेळायला तिथेच शिकलो होतो, मिसरूड फुटायच्या आधी. जायचं नाही म्हटलं तर आई जेवली नसती. जायचं म्हटलं तर पडवी होती.

काकांनी तोडगा काढला. त्यांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं की त्यांच्या भावांच्या बाटल्या उघडत. "तिकडं मला धोका, तुझ्याकडं तुला धोका," ते म्हणाले. "मीच तुझ्याकडं येतो. तुझ्यावर मी ध्यान ठेवतो, माझ्यावर तू ठेव. आपल्या रोगावर आपण ध्यान ठेवायला गेलो तर झोप लागते."

बायकोला हे पटलं. तसे त्यांचं विसर्जन उरकून आम्ही तिघं वाडीत पोचलो. मी आईला एवढंच सांगितलं की हे माझ्या ओळखीचे आहेत, दोन दिवस राहतील. काकांच्या अंगावर सवयीने खाकी पँट होती आणि काखेत चामडी पाकीट, ज्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असत. आईने त्यांच्या मिशा बघितल्या, पाकीट बघितलं आणि "या, बसा" म्हणताना तिचा आवाज कापला. मला वाटलं, दमली असेल.

पण काहीतरी विचित्र चाललं होतं. आई काकांना देवाच्या आणि आमच्या सगळ्यांच्या आधी वाढायला लागली. मोदकांवर तूप, तुपावर मोदक. "घ्या वो, लाजू नका. आमचा पोरगा मनानं वाईट नाय," असं ती प्रत्येक मोदकामागे सांगायची. काका प्रेमाने खात होते. दुपारी आम्ही पडवीसमोरून गेलो तर आत एकदम सामसूम झाली. डोकावून बघितलं तर सात-आठ बाप्ये मांडी घालून गप्प बसलेले, जणू सुतकात. मधल्या सतरंजीला मात्र एक उंचवटा आला होता.

माझ्या एका चुलतभावाने तर आपली नवीकोरी मोटारसायकल गोठ्यामागे नेऊन तिच्यावर पेंढा रचला होता. काका परसाकडे गेले तेव्हा त्यांना ती दिसली. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "गाडी अशी ठेवू नको, बाळा. आपल्या हातातून जाईल." त्यांना म्हणायचं होतं गंजून जाईल. चुलतभाऊ रात्री जेवला नाही.

दोन दिवस वाडीत पत्ता दिसला नाही की बाटली दिसली नाही. बाप्यांनी करायचं काय, म्हणून भजनाला बसले. इतकं भजन झालं की पेटीवाल्याची बोटं सुजली. बायका म्हणायला लागल्या, असा गणपती बघितला नव्हता.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी, सगळ्यांची पानं उठल्यावर, चुलता चार माणसं घेऊन आमच्या ओटीवर आला. टोपी काढून काकांसमोर उभा राहिला.

"सायब," तो म्हणाला, "आमी भावकीनं इचार केलाय. प्रत्येकजण थोडंथोडं घालतो. तुमी तुमच्या कंपनीला सांगा. पण सणाच्या दिवसात पोराला धरून नेऊ नका."

काका सुपारी चघळत होते ते थांबले. "कुठं नेऊ?"

"आमाला सगळं ठावं हाय. त्यानं मोबाईलवर कर्ज काढलं, तुमी वसुलीला आलाव."

मी भिंतीला टेकलो. वाडीला सगळं माहीत होतं. वाडीला माहीत आहे हे फक्त मला माहीत नव्हतं. आणि ज्या माणसांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, ती घरोघर फिरून माझ्यासाठी वर्गणी ठरवून आली होती.

काका उठून उभे राहिले. "मी वसुलीवाला नाय," ते म्हणाले. "मी दारुडा हाय."

आईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"सोडलेला दारुडा," काका घाईने म्हणाले. "हा मला पिऊ देत नाय, मी ह्याला खेळू देत नाय. दुसरा काय धंदा नाय आमचा."

चुलत्याने ते वाक्य एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. मग गोठ्याच्या बाजूने पहिलं हसू आलं, ते चुलतभावाचं होतं. तो तसाच पेंढा काढायला पळाला. चुलत्याने टोपी परत डोक्यावर घातली, जरा तिरकीच. आई मात्र चिडली होती. "मी दारुड्याला देवाआधी वाढलं!" ती म्हणाली. मग तिने थोडा विचार केला, एका पुतण्याकडे बोट दाखवलं आणि काकांना विचारलं, "सोडलीत कशी वो? ह्याला पण घेऊन जा. ह्याला दोन महिने ठेवा तुमच्याकडं."

धाक गेला, तसा डाव परत बसला. त्याच दुपारी. बाहेर पाऊस, पोटात जड जेवण आणि पडवीतून पत्ते पिसल्याचा आवाज. मी इतके दिवस जो आवाज विसरलो असं समजत होतो, तो बोटांना बरोबर ऐकू आला. पडवीतून हाक आली, "ये रे, एक हात कमी पडतोय. नुसतं टाईमपास, पैसे नाय."

मी काकांकडे बघितलं. माझा पहारेकरी ओटीवर उताणा पडून घोरत होता. मोदकांनी त्याचा निकाल लावला होता. मी हलवलं. त्यांनी झोपेतच गिअर बदलला आणि कूस वळवली.

मी पडवीच्या पायरीपर्यंत गेलो होतो, हे खरं सांगतो. तिथून वळलो तो सरळ चुलीपाशी, बायकोकडे. तिथे सगळ्या जावा-नणंदा बसल्या होत्या. एकटीला बोलावून सांगायचा धीर राहिला नव्हता, म्हणून सगळ्यांसमोरच म्हणालो, "मला खेळावंसं वाटतंय."

आजवर मी तिला सगळं खेळून झाल्यावर सांगत आलो होतो, तेही पकडला गेल्यावर. आधी सांगायची ही पहिलीच वेळ. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं, पण तसं काही झालं नाही. तिने विळी माझ्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "नारळ खवा."

मी खवायला बसलो. एक झाला, तिने दुसरा फोडून दिला. पडवीत कोणीतरी जिंकल्याचा आरडाओरडा झाला की माझा हात जोरात चालायचा. माझी चुलती बायकोला म्हणाली, "गो, ह्याला थांबव, करवंटी पण खवेल." सगळ्या हसल्या, मीही हसलो. मग त्यांच्या गप्पा चालू झाल्या आणि मी नारळ खवत ऐकत राहिलो. कोणाचा नवरा काय खेळतो, कोणाचा काय लपवतो, कोणी मंगळसूत्र माहेरी ठेवलंय. माझ्यासमोर त्या अशा बोलत होत्या की मी तिथे नाहीच, किंवा त्यांच्यातलाच एक आहे. बायको पहिल्यांदाच आमच्या घरातलं मोठ्याने सांगत होती. मी मान वर केली नाही. ऐकायला फार जड गेलं, पण उठूनही गेलो नाही.

देवाला ठेवलेले, वाटायला आणलेले, सगळे नारळ खवून झाले. त्या संध्याकाळी आमच्याकडे भाजीत खोबरं होतं, डाळीत खोबरं होतं, चटणी तर होतीच. मुंबईची मंडळी परत जाताना डब्यात करंज्या घेऊन गेली. काका उठले तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. "ड्युटीवर झोपलो," ते सारखं म्हणत होते. "नोकरीत कधी झोपलो नाय."

त्यानंतर मी कधीच खेळलो नाही असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. दिवाळीनंतर एकदा घसरलो, दुसऱ्याच्या मोबाईलवर. काकांना सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता, पण ते एवढंच म्हणाले, "रविवारी ये." मी गेलो. तेव्हापासून आजपर्यंत ठीक आहे. उद्याचं मी बोलत नाही.

बैठकीत आता आम्ही न पिणारे तिघं झालो आहोत. एक माझ्याच पाळीतला आहे, एक तुडीलहून येतो. अध्यक्ष अधूनमधून सुचवतात की तुम्ही आपली वेगळी बैठक काढा. आम्ही मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी तिथेच जाऊन बसतो. दारूवाले चहा फार चांगला करतात, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही तो जमत नाही.