तिसऱ्या मजल्यावरची खारी माती

१२ जानेवारी २०२४ रोजी धाराशिवमधल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गच्चीवरच्या बागेसाठी ४८,६५० रुपये जमा करून दिले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो शिपाई बब्रुवान मामांना.

तिसऱ्या मजल्यावरचे पाचवी आणि सहावीचे वर्ग बरोबर गच्चीखाली होते. उन्हाळ्यात स्लॅब तापायचा आणि पंखा तीच गरम हवा पोरांच्या डोक्यावर ढकलायचा. आदल्या एप्रिलमध्ये पाचवीतली शिवप्रिया गणिताचा पेपर लिहितालिहिता बाकावरून खाली कोसळली. मामांनी तिला खांद्यावर घेऊन तीन जिने उतरवले. तिचं कपाळ त्यांच्या मानेला लागत होतं, तव्यासारखं. दोन दिवस ती दवाखान्यात होती. जूनमध्ये शाळेत आली आणि सहावीच्या दाराशी थांबून म्हणाली, "मामा, यंदा पण वरच बसायचं का?"

मामांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते घंटा द्यायला निघून गेले.

बागेची कल्पना विज्ञानाच्या मोनिका मॅडमची. गच्चीवर आधी पाणी अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर पाणी निथळायला विटांचे तुकडे, त्यावर शेणखत घातलेली हलकी माती आणि मातीत मेथी, पालक, झेंडू. वर हिरवा थर असला की स्लॅब तापत नाही, हे त्यांनी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. संस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव यांनी परवानगी दिली, पण अट घालून.

"एक थेंब खाली गळला, तरी सगळं खरडून काढायचं आणि पत्रे ठोकायचे. आणि पंधरा जूनच्या आत मला तिथं हिरवं दिसलं पाहिजे. नुसता चिखल दाखवू नका."

यातलं थेंबाचं बोलणं मामांच्या मनात रुतून बसलं.

मामा मूळचे वाशी तालुक्यातले. वडील माळवदं घालायचे. गावातल्या पडक्या गढीची पांढरी माती आणायची, घराच्या छपरावर वीतभर पसरायची आणि जड लाकडी धुम्मसानं चोपून चोपून घट्ट करायची. ती माती खारी. तिच्यातून पाणी उतरत नाही आणि तिच्यावर गवत रुजत नाही, म्हणून तर ती माळवदावर घालतात. वडिलांनी घातलेलं माळवद कधी गळलं नव्हतं. मामांनी प्लास्टिकचा कागद दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

गच्चीची किल्ली त्यांच्याच कनवटीला होती. दोन रविवार त्यांनी टेम्पोवाल्या ईरण्णाला घेऊन गढीची माती आणली. भाडं थोडं थोडं करून द्यायचं ठरलं. घमेल्याघमेल्यानं माती तिसऱ्या मजल्यावर चढवली, कागदावर चार बोटं थर दिला, चोपला आणि वर विटांचे तुकडे अंथरून टाकले. सोमवारी मॅडम आल्या तेव्हा पांढरा थर कुठंच दिसत नव्हता.

"अहो मामा, रविवारी पण काम केलंत?"

"पोरायचं काम हाय मॅडम. बसवंना घरी."

थर घातल्याचं त्यांनी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मॅडम शहरातल्या, त्यांना माळवद काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

फेब्रुवारीत मेथी उगवली. तीन आठवडे मुलं मधल्या सुट्टीत वर जाऊन ती नुसती पाहत बसायची. मग पानांच्या कडा जळायला लागल्या. मुलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. घरून आणलेल्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी ती झाडांना घालू लागली. शिवप्रिया तर स्वतः न पिता अर्धी बाटली राखून ठेवायची. जितकं पाणी पडे, तितकी मेथी पिवळी पडे. मार्चअखेर मातीवर पांढरी साय धरली.

एका दुपारी मामांनी ती साय बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली. खारट.

त्यांनी एका कडेची माती उकरली; खालचे विटांचे तुकडे पाण्यात बुडाले होते. पन्हाळीकडं पाणी जायची वाटच त्यांच्या थरानं बुजवली होती. साचलेल्या पाण्यात गढीचा खार विरघळला होता आणि वर चढला होता. पोरं आपल्या तोंडचं पाणी घालत होती आणि त्या पाण्यानंच झाडं मरत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी गच्चीवर जाऊन पांढरा थर नखानं खरवडून पाहिला.

"मामा, एकदा विचारायचं तरी होतं."

"चुकलं. पर म्या काढतो सगळं. सुट्टी लागू द्या."

"वरची मातीही वाया गेली आता. नवी आणायला पैसे नाहीत."

"तळ्याचा गाळ आणतो. त्याला कोण पैसे मागतंय?"

मे महिन्यात मामा रोज पहाटे शाळेत जायचे. मॅडमही चार दिवस येऊन लागल्या, मग त्यांना पेपर तपासणीला जावं लागलं. चोपलेला थर पहारीनं फुटत नव्हता. वडिलांनी शिकवलेलं काम मामांनी फार नीट केलं होतं. साडेनऊला गच्चीवर पाय ठेववत नसे. एका दिवसात चाळीसेक घमेली खाली जात. साठाव्या वर्षी गुडघे किती साथ देणार? बायको अयोध्याबाई रात्री शेक देताना म्हणायची, "जुलैअखेर घरी बसायचंय न्हवं तुमाला? कुणासाठी मरायलाव?" मामा भिंतीकडं तोंड करून पडायचे.

पहारीचा एक घाव कागदातून गेला. मग आणखी दोन.

दहा जूनला श्रीमंतराव संस्थेतल्या दोघांना घेऊन पाहायला आले. अर्धी गच्ची उघडी, अर्धी पांढरीफटक आणि कागदाच्या चिंध्या. कोपऱ्यात तेवढी घोळीची रानभाजी पसरली होती. खाऱ्या मातीतही ती तगते.

"हीच का बाग? हे तर तण आहे." श्रीमंतराव मॅडमकडं वळले. "तुमच्या शिक्षणाचा हाच उपयोग का?"

मामा पुढं झाले. "त्यांना बोलू नका साहेब. खारी माती म्या घातली. त्यांना ठावं नव्हतं."

"तू? कुणाला विचारून?"

"गळंल म्हणून भ्यालो. तुमीच म्हणला हुता, एक थेंब…"

"वा! म्हणजे माझीच चूक!" श्रीमंतराव हसले. बरोबरचे दोघंही हसले.

"एक महिना द्या साहेब. गाळ ठरवून ठेवलाय. हात जोडतो."

"महिन्यानं पाऊस या भोकांतून वर्गात येईल. पत्रे ठोका."

चार दिवसांत स्लॅब खरडून वर पत्र्याचं शेड उभं राहिलं. शेडमध्ये जुने बाक रचले. घोळ घमेल्यातून खाली गेली.

शाळा उघडली. शिवप्रिया सातवीत गेली. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी ती एका लहान मुलाचा हात धरून मामांपाशी आली.

"मामा, हा माझा भाऊ, कृष्णराज. पाचवीत आलाय." मग तिनं वर पाहिलं. "बाग पुन्हा कधी करायची?"

पोरगं मामांच्या हातातल्या घंटेच्या दांड्याकडं बघत होतं. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बाळा, वर जा. वर्ग भरलाय."

३१ जुलै २०२४ रोजी बब्रुवान मामा निवृत्त झाले. गच्चीची किल्ली त्यांनी कार्यालयात जमा केली. ईरण्णाच्या टेम्पोभाड्यापैकी तीनशे चाळीस रुपये देणं बाकी आहे.