वसंताच्या खिडकीपुढची रांग

आमच्या घरी पावसाळ्यासाठी फणसाच्या आठळ्या साठवायचे ना, तसे हे किस्से साठलेत. कधी ठेवले आठवत नाही, पण काढायला बसलं की संपत नाहीत! मालवण बंदरावर आगबोटीच्या कचेरीत मी कारकून होतो. एकोणीसशे साठच्या आसपासचा काळ. आता ती आगबोट नाही, कचेरी नाही, माणसं तर नाहीतच. आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

हेडक्लार्क भाऊ सामंत, तिकिटं देणारा वसंता, प्रवाशांना पडाव नावाच्या होडीतून आगबोटीपर्यंत नेणारा रामा तांडेल, आणि मी. एवढंच आमचं राज्य!

* * *

वसंता भारी बडबड्या. तिकिटाबरोबर कोणाला लग्नाचं स्थळ, कोणाला खोकल्याचं औषध! एका शिमग्यानंतर मात्र गप्पच झाला. तिकीट द्यायचा, शब्द नाही. डबा तसाच परत. कधी बसल्या जागी डोळ्यांतून पाणी.

एक म्हातारी तिकिटाला आली ती अंगारा घेऊनच. मग रोज कोणी ना कोणी पुडी आणू लागलं. शेवटी भाऊ कडाडले, "अगो, हय आगबोटीची तिकिटां मिळतत! हो अंगाऱ्याचो डेपो न्हय!"

सगळे हसले. वसंता हसला नाही. आणि मी? मी माझं टेबल त्याच्यापासून चार हात लांब सरकवलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

* * *

त्याला रत्नागिरीला नेलं. वेड्यांचं इस्पितळ तिथे, त्यामुळे आमच्याकडे "रत्नागिरीक गेलो" म्हटलं की माणूस कामातून गेला असंच धरत. म्हणून मुंबईच्या हेडऑफिसला भाऊंनी रजेचं कारण कळवलं, "ताप." पुढच्या महिन्यात पुन्हा "ताप." त्याच्या पुढच्या महिन्यातही "ताप"च!

चौथ्या महिन्यात मुंबईहून पत्र नाही, माणसंच आली. डीडीटीचे पंप घेऊन! मलेरियाची कचेरी म्हणून आमच्या खुर्च्या, कपाटं, भाऊंचा डबासुद्धा फवारला.

रामा नाक दाबून म्हणाला, "भाऊनू, आता तरी खरां सांगा!"

"गप रे! वास आज ना उद्या जायत. पोराची नोकरी गेली तर खंयसून हाडू?"

* * *

नारळी पुनवेला आम्ही बंदरावर दर्याला नारळ द्यायचो. गाऱ्हाणं घालायचा मान रामाचा. तो एकेक मागणं मागणार, लोक "व्हय म्हाराजा" म्हणणार.

रामाने पडावांसाठी मागितलं, आगबोटीसाठी मागितलं. मग म्हणाला, "आणि आमचो वसंता रत्नागिरीक आसा. तेचां मन दुखता. तेका बरो कर, आणि तेच्या खुर्चेर परत हाडून बसव रे म्हाराजा!"

भाऊ पांढरेफटक! चार-पाच महिने झाकलेलं अख्ख्या बंदरासमोर! मग ती अंगाऱ्याची म्हातारी खणखणीत ओरडली, "व्हय म्हाराजा!" मागोमाग सगळं बंदर.

त्याच दिवशी भाऊंनी मुंबईला खरं कारण लिहिलं. उत्तर आलं, "बरा झाल्यावर घ्या. पण लोक त्याच्या खिडकीवर येईनात, तर काढून टाका."

* * *

दिवाळीच्या तोंडावर वसंता आला. बारीक झालेला, केस बारीक कापलेले. आपल्या खिडकीत बसला. मी मान वर केली नाही.

प्रवासी आले, आणि झाडून सगळे शेजारी भाऊंच्या खिडकीपुढे, जिथे इतके महिने तिकिटं मिळत! नारळी पुनवेला "व्हय" म्हणणारेच ते. वसंता आपल्या रिकाम्या खिडकीतून बाहेर बघत होता. लांबून आगबोटीचा भोंगा झाला.

भाऊंनी धाडकन खिडकी लावली. "तिकिटां थंय घ्या! माका ताप आसा!"

तरी कोणी हलेना. तेवढ्यात रामा पडावातून वर आला. वीस वर्षं लोकांना आगबोटीवर चढवलं, पण स्वतः कधी तिकीट काढलं नव्हतं. ओल्या पायांनी तो वसंताच्या खिडकीपुढे उभा राहिला.

"एक तिकीट दी."

वसंताने तिकिटांचं पुस्तक पुढे ओढलं. मग बोलला, "खंयच्या बंदराचां?"

"खंयचांय दी रे, पण बेगीन दी! माझ्या मागे रांग आसा!"

रामाच्या मागे कोणीच नव्हतं. मी टेबलावरून उठलो आणि जाऊन उभा राहिलो.