धुतलेले बटाटे

थोरली जाऊ काज-बटणाच्या दुकानात बसायची आणि घरी आली की घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात बटाट्याच्या रोपांना माती लावायची. नवरा गेल्यावर दिराच्या घरात तिला स्वतःचं म्हणावं असं दोनच: स्वयंपाकघर आणि ते बटाटे. धाकटी जाऊ आली आणि स्वयंपाकघर गेलं. धाकटी लाँड्रीच्या काउंटरवर कामाला. डाग दिसला की तिचा जीव वरखाली होई. एकदा भर पंक्तीत तिने सांगितलं, "ताई, तुमच्या नखांत माती असते. मला जेवण जात नाही. तुम्ही ओट्याला हात लावू नका." दीर मान खाली घालून जेवत राहिला. थोरलीच्या मनात तेव्हाच अढी बसली. ती अढी तिने लेकरासारखी जपली.

त्या वर्षी बटाटा भरघोस आला. थोरलीची रीत ठरलेली: काढलेला माल सावलीत पसरायचा, माती आपसूक सुकून झडू द्यायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, मग जिन्याखालच्या अंधारात रचून वर गोणपाट टाकायचं. असे बटाटे महिनोन्‌महिने पुरत. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा चिखल घरात नको हं, ताई. स्वच्छ धुवा आणि झाकणाच्या पिंपात भरा."

थोरलीने तोंड उघडलं. धुतलेला बटाटा टिकत नाही, कोंडला तर मुळीच नाही, एवढंच सांगायचं होतं. पण शब्द तिने गिळले.

"बरं," ती म्हणाली. इतकं गोड बरं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

मग ती धुवायला बसली. ब्रश घेऊन एकेक बटाटा असा घासला की अंड्यासारखा चमकला. महिनोन्‌महिने वाकून पिकवलेलं स्वतःच्या हाताने मातीत घालत होती, याचं तिला वाईट वाटलंच. पण धाकटी जाता-येता "आता कसं!" म्हणाली आणि वाईट वाटायचं थांबलं. ओले बटाटे पिंपात भरून तिने झाकण घट्ट बसवलं. फावडं लागलेले तेवढे बाहेर ठेवले. "हे आधी संपवू, पिंप नंतर उघडू," असं बजावून ती दुकानात गेली. त्या दिवसांत ती गुणगुणत काजं करायची, आणि मालकाला वाटलं, बाईंना पगारवाढ हवी असेल.

पुढे लाँड्रीच्या मालकीणबाई जेवायला आल्या. धाकटी नुसती हवेत. थोरली दारातूनच म्हणाली, "अगं, घरचे बटाटे दाखव की बाईंना. घरी न्यायलाही दे."

धाकटीने पिशवी घेतली, बाईंना जिन्याखाली नेलं आणि झाकण उघडलं. आत काळा, बुळबुळीत राडा. वास असा की मालकीणबाई तोंडावर पदर धरून थेट रस्त्यावर गेल्या. धाकटी तिथेच ओकली.

दिराने विचारलं, "वहिनी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की."

"मग सांगायचं ना!"

"मला कुणी विचारलं? हुकूम होता, पाळला."

दीर बायकोकडे वळून म्हणाला, "उद्यापासून स्वयंपाकघर वहिनींचं." बायकोची बाजू घ्यायची हिंमत त्याच्यात नव्हती, तशी पूर्वी वहिनीची घ्यायचीही नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी थोरलीने बाजारातून बटाटे आणले, रस्सा केला आणि सगळ्यांना वाढलं. धाकटी घास चिवडत बसली होती. अख्खा दिवस तिने पिंप घासलं होतं, तरी हातांचा वास जात नव्हता, म्हणून ती चमच्याने जेवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. आता आपल्याला दया येईल, असं थोरलीला वाटलं. तिने थोडी वाट पाहिली. दया आली नाही, भूक मात्र सपाटून लागली. विकतचा बटाटा पाणचट होता, तरी तिने रस्सा पुन्हा वाढून घेतला.